दारावर उमटलेली खरूज

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकच मोटार घेतली. एका डॉक्टरांची होती, घर ते दवाखाना एवढीच चालली होती, असं दलालानं सांगितलं. हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. भिंतीतली केसाएवढी भेग शोधण्याचा पगार घेत होते. पण डॉक्टर हा शब्द ऐकल्यावर त्यांनी गाडीखाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. टपावर चार बारीक भोकं बुजवलेली होती, ती मी दाखवली, तेव्हा म्हणाले, "अगं, हवेसाठी असतील." नागपुरात राहून मोटारीच्या टपातून हवा घेणाऱ्या त्या डॉक्टरांविषयी मला तेव्हापासून आदर वाटू लागला.

प्रताप नगरात त्या वेळी घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त. फाटकापुढे फार तर स्कूटर असायची. त्यामुळे आमची जुनी क्रीम रंगाची मोटार गल्लीची शान होती. शेजारच्या मास्तरांच्या मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलं, तेव्हा ते नवरदेवासाठी गाडी मागायला आले. जानवशापासून मांडवापर्यंत न्यायचं, एवढंच. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ह्यांनी होकार दिला आणि वर म्हणाले, "काळजी करू नका मास्तर, गाडी अशी चमकवतो की नवरदेवाकडे कोणी पाहणार नाही."

हा शब्द मात्र त्यांनी तंतोतंत पाळला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच हे बर्डीच्या बाजारातून दोन डबे घेऊन आले. एकात रबिंग कंपाउंड, म्हणजे रंगावरचा मेलेला थर घासून काढायची खरखरीत पेस्ट. दुसऱ्यात चमक आणायचं मेण. दुकानदारानं काय काय सांगितलं ते ऐकायला हे थांबले नव्हते. "त्यात काय शिकायचंय? आपण भांडी घासतोच की," म्हणाले. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्यांना मी भांडं घासताना एकदाही पाहिलं नव्हतं.

गाडी धुणं त्यांना वेळेचा अपव्यय वाटला. कोरड्या फडक्यानं धूळ झटकली आणि भर उन्हात बॉनेटभर पेस्ट फासली. मे महिन्यातलं आमच्याकडचं दहाचं ऊन. पत्रा असा तापलेला की त्यावर पापड भाजून निघाला असता. पेस्ट मिनिटभरात वाळून चुन्यासारखी चिकटली. मग ती निघेना म्हणून हे जोरानं घासू लागले आणि उरलेल्या धुळीच्या कणांनी बॉनेटवर गोल गोल ओरखडे काढले. कडेला, जिथे पत्रा वळतो, तिथला रंग तर पार निघून खालचं राखाडी अस्तर दिसू लागलं.

सासूबाई ओसरीवर बसून गहू निवडत होत्या. त्यांनी मला विचारलं, "काहून वं, हा गाडी धुवून राहिला का सोलून राहिला?"

"पॉलिश करताहेत," मी म्हटलं.

"मंग होऊ दे बाप्पा," म्हणाल्या आणि पुन्हा सुपात डोकं घातलं.

ह्यांनी एवढा धडा घेतला की गाडी ढकलत कडुनिंबाच्या सावलीत नेली. ढकलायला मी होतेच. तिथे डावीकडची दोन दारं घ्यायचं ठरलं, कारण नवरदेव त्या बाजूनं उतरणार होता. सावलीत काम खरंच बरं होत होतं. घासलेल्या जागेवर हे लगेच मेणही फासत होते, आणि तासाभरात पुढचं दार लकाकू लागलं. मी चहा घेऊन गेले, तर हे दाराच्या मधोमध एका हिरवट डागावर वाकलेले.

"चिखल आहे," म्हणाले. "जुना दिसतो."

घासलं तसा डाग ठळक झाला. आणखी घासलं, तर त्याला काना फुटला. मला वाचता येत होतं, पण मी गप्प राहिले. माणूस इतक्या तन्मयतेनं काम करताना सहसा दिसत नाही. मागच्या दारावर दुसरा डाग निघाला. तोही त्यांनी जीव तोडून घासला. दुपारपर्यंत दोन्ही दारांवर मिळून हिरव्या, ठसठशीत अक्षरांत मजकूर तयार झाला: 'खाज, खरूज, नायटा, आठ दिवसांत आराम'.

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं, चष्मा लावला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तो वाचून काढला. मास्तर मांडवाच्या कामाला गेले होते, एवढंच नशीब.

हे पायरीवर बसले. बनियन पेस्टनं भरलेलं, उजव्या हाताची बोटं सोललेली. "डॉक्टरांची गाडी म्हणाला होता तो," एवढंच म्हणाले. त्या वेळी मला हसू आवरेना, म्हणून मी आत गेले. आत गेल्यावर मात्र त्यांचे हात आठवले आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन बाहेर आले.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला पेंटर आला. त्यानं दारावरून नख फिरवलं. "साहेब, जुन्या लिहिण्यावर नुसता एक हात मारला होता रंगाचा. अक्षरं उंच असतेत, म्हून वरचा रंग तिथूनच पहिले निघते. तुम्ही घासून राहिले काहून इतकं?"

"डाग वाटला."

"आता रंग मारून दे," मी म्हटलं.

"नाही ना बाई. वरून मेण फासलं साहेबांनी. मेणावर रंग धरतच नाही. सारं उतरवा लागते, चार दिवसाचं काम हाय. उद्या लगन म्हणता, तं फुलं लावा."

फुलं लावली. मोगऱ्याच्या आणि झेंडूच्या माळांनी दोन्ही दारं झाकून टाकली, खिडकीच्या काचेत टोकं अडकवली. मास्तरांना वाटलं हे आमचं प्रेम. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही दोघांनी नम्रपणे खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवशी हे स्वतः गाडी चालवत होते. बँड पुढे, वऱ्हाडी आजूबाजूला, ऊन डोक्यावर. मांडवाशी गाडी थांबली आणि नवरदेवाच्या मित्रांनी उत्साहात मागचं दार उघडलं. माळा एकदम तुटून खाली आल्या. नवरदेव उतरला तो थेट खरूज आणि नायट्याच्या मधून. करवल्यांनी तोंडाला पदर लावले. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. मी तांदळाचं ताट घेऊन उभी होते. ते कुठे ठेवावं ते सुचेना.

तेवढ्यात नवरदेवाचे आजोबा पुढे आले. नरखेडकडचे संत्रेवाले शेतकरी, डोक्याला पांढरा फेटा. त्यांनी दारावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "अरे, हे तं मलमवाल्या डॉक्टरची गाडी होय ना गा!"

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

"आमच्या बजाराले दर हप्त्याले ये. वरते भोंगा लावे. माह्या पायाले साऱ्या दवाखान्यानं हात टेकले होते, याच्याच मलमानं आराम पडला." मग ह्यांच्याकडे वळून, "तुमीच आता इकता का मलम? हाय का एखादी डबी?"

ह्यांना नाही म्हणता येईना आणि हो म्हणायला डबी नव्हती. "मलम संपलं," हे गंभीरपणे म्हणाले. त्यावर आजोबा मनापासून हळहळले. वऱ्हाडात आणखी तीन-चार जणांना तो भोंगा आठवला, एकानं खाजेची जागासुद्धा सांगितली. बँडवाले वाजवायचे थांबून ऐकत होते. शेवटी मास्तरच हसत सुटले आणि नवरदेवाला हाताला धरून आत नेलं, कारण मुहूर्त टळत होता आणि त्याच्याकडे खरोखरच कोणाचं लक्ष नव्हतं.

लग्नानंतर गाडी पेंटरकडे गेली. ह्यांनी चार दिवसांची रजा काढली आणि त्याच्याशेजारी स्टुलावर बसून राहिले. आधी धुणं, सावली, एका वेळी हातभर जागा, हलका हात, आणि कडांना अजिबात हात लावायचा नाही, हे सगळं त्यांनी तिथे पाहिलं. परत आल्यावर रविवारी समोरच्यांची स्कूटर त्यांनी चमकवून दिली, आणि ती खरंच छान झाली. मी तसं म्हटलंही.

ही माझी चूक झाली. तेव्हापासून गल्लीत कोणीही फडकं हातात घेतलं की हे खुर्ची उचलून तिथे शिकवायला जाऊन बसतात.