अण्णांचं ‘न्हाय’ आणि माझं इंग्रजी

अण्णा गेले. माझ्या इंग्रजीला तोंडावर शिव्या घालणारा एकुलता एक माणूस गेला.

तुमच्यापैकी निम्म्यांना ते माहीत असतील. आपल्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले भूपालअण्णा. नव्वद सालानंतर गच्चीवर डिश लावून केबल सुरू केली, पुढं त्याच तारांच्या शेजारनं इंटरनेटची तार ओढली.

मी त्यांची गिऱ्हाईक. ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, म्हणून त्यांच्या लेखी मी ‘बाई’.

पद्मजा त्यांची एकुलती लेक. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली, खांबावर सरसर चढणारी. तिला बापाच्याच धंद्यात यायचं होतं आणि अण्णा तयार नव्हते.

“बुडत्या नावंत पोरीला बसवू व्हय?”

नाव बुडायचं कारण दिल्लीहून आलेलं. ब्रॉडबँडचे नवे नियम ठरत होते. गल्लीतल्या लहान ऑपरेटरनं इंटरनेट द्यायचंच नाही, फक्त मोठ्या कंपन्यांनी द्यायचं, असा एक प्रस्ताव होता. त्यावर लोकांची मतं मागवली होती.

सगळं इंग्रजीत. जाडजूड कागद.

अण्णा तो गठ्ठा घेऊन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. “बाई, मी सांगतो, तुमी लिवा.”

मी भाकरी थापत प्रश्न वाचायचे, अण्णा उत्तरं ठोकायचे.

ब्रॉडबँडचा स्पीड किती असावा?

“जाहिरातीत छापलाय तेवढा!”

मोठ्या कंपन्या खेड्यात का जात नाहीत?

“रस्ता हाय, खांब हाय, मन न्हाय. लिवा.”

सरकारनं काय करावं?

“खांब सगळ्यांस्नी सारख्या भाड्यानं द्यावा आन् बाजूला सरावं.”

आणि शेवटी तो मुख्य प्रश्न. लहान ऑपरेटर बंद करावेत का?

“न्हाय! तीनदा लिवा. न्हाय, न्हाय, न्हाय!”

आता माझी अक्कल बघा. सरकारी साहेबांना असं लिहितात होय? मी रात्रभर बसून ते सगळं गुळगुळीत केलं. ‘वुई हम्बली सबमिट’ काय, ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ काय! त्या तीन ‘न्हाय’चं मी केलं, ‘योग्य खबरदारी घेऊन या प्रस्तावाचा विचार करता येईल.’

स्वतःवर खूश होऊन मी ते पाठवलं. अण्णांनी आधीच न वाचता सही ठोकली होती. विश्वास ना!

मग पुण्याला जाहीर सुनावणी ठरली. अण्णा, पद्मजा आणि मी पहाटेच्या एसटीनं गेलो. हॉटेलातला हॉल, गारठवणारा एसी, मोठ्या कंपन्यांचे टायवाले.

मंचावर मधे बसलेले दिल्लीचे साहेब कागद चाळत इंग्रजीत म्हणाले, “कोल्हापूरच्या एका लहान ऑपरेटरनं फार समतोल मत पाठवलंय. लहान लोकांचाही या प्रस्तावाला विरोध दिसत नाही.”

आणि त्यांनी ते वाचून दाखवलं.

पद्मजानं अण्णांच्या कानात अर्थ सांगितला. अण्णा भडकले.

“कोण हाय ह्यो मुळमुळीत? कोल्लापूरचं नाव घालवलं की!”

मी खाली मान घालून म्हटलं, “अण्णा, ते तुम्हीच आहात.”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पद्मजाचा चेहरा पांढराफटक. माझ्या एका वाक्यानं त्या पोरीचा धंदा बुडायची वेळ आली होती.

अण्णा उठले. माईक घेतला.

“सायेब, ते इंग्लिश बाईंचं हाय. आता माजं ऐका.”

साहेब म्हणाले, हिंदी किंवा इंग्रजीत बोला. अण्णांनी माझ्याकडं बोट केलं. “हितं उभ्या ऱ्हावा. आन् आता एक शबूद जरी गोड केला तर बघा!”

मी उभी राहिले.

“कळंबा गावच्या शाळंला नेटची लाइन पायजे हुती. मोठ्या कंपनीनं सांगितलं, परवडत न्हाय. मग आमी नेली. शिडी मी धरली, वर ही माजी पोरगी चढली. उद्या तुमचा नियम आला तर ती तार मी काढतो. पर शाळंतल्या पोरांस्नी का काढली ते सांगायला तुमच्यातला एक माणूस माज्यासंगं पाठवा.”

मी शब्दाला शब्द लावून इंग्रजीत सांगितलं. जन्मात पहिल्यांदा ‘हम्बली’ न वापरता.

साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, “म्हणजे तुमचा विरोध आहे?”

“न्हाय, न्हाय, न्हाय!”

मीही तीनदा ‘नो’ म्हटलं. टायवालेसुद्धा हसले. साहेबांनी माझा तो कागद बाजूला ठेवला आणि हातानं नवं लिहून घेतलं.

परतीच्या एसटीत अण्णा कराडपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. कराडला वडापाव हातात देऊन म्हणाले, “कॉलेजात पोरांस्नी ह्येच शिकवता व्हय? न्हायला ‘विचार करता येईल’ म्हणायचं?”

मी रडले. ते हसले. “खावा आता. गार हुतोय.”

काही महिन्यांनी नियम आले. लहान ऑपरेटर राहिले. आणखी पुष्कळांनी विरोध केला होता, पण अण्णांचं ठाम मत, “आपल्यामुळंच झालं!” मी कधी वाद घातला नाही.

त्याच दिवशी त्यांनी ऑफिसची किल्ली पद्मजाच्या हातात दिली. “घे. आता कुणाच्या बापाला भिऊ नगंस.”

आज सकाळी पंचगंगेवर अग्नी तिनंच दिला. घरी आलो, तिनं अंघोळ केली, तेवढ्यात फोन वाजला. गिऱ्हाईकाला काही माहीत नव्हतं. “ताई, नेट गेलंय ओ!”

मी फोन घ्यायला हात पुढं केला. म्हटलं, सांगते त्याला, आज नाही म्हणून.

पद्मजानं डोळे पुसले. “बाई, ऱ्हावू दे,” म्हणाली. आणि फोनवर, “व्हय दादा, येते की.”

शिडी घेऊन गेली पोरगी.

अण्णा, निवांत जावा. तुमच्या बाईंचा मनापासून नमस्कार.