अंगावरची गाठ

"दुखलं का?"

हात दाबून काचेची बांगडी मनगटावर चढवताना मावशी प्रत्येकीला हेच विचारायची. "न्हाई ना दुखलं? मंग बराबर बसली."

घनसावंगीजवळच्या आमच्या गावात ती दारोदार बांगड्या भरायची. नवऱ्याला दमा. घर तिच्या टोपलीवर. लेकीपुरती भाकर घरी ठेवून ती आमच्याकडे ताकावर दुपार काढायची आणि वर सुनवायची, "तुझी मायच सोडत न्हाई, म्हणून पिते." आमच्या घराण्यातून कॉलेजात जाणारी मी पहिली. निघताना तिने माझे दोन्ही हात हिरव्या चुड्याने भरले. "साहेबीण झालीस तरी हात माझ्याच हातात द्यावा लागंल, बघ!"

अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. थेट चुलीपर्यंत जाणारी, सगळ्या गावाचं पोटात ठेवणारी. स्वतःसाठी तिचं एकच माप होतं: दुखत नाही ना, मग काही नाही.

आणि गाठ दुखत नव्हती. कितीतरी दिवस तिने ती पदराखाली वागवली. मग नवऱ्याबरोबर तालुक्याला एका दवाखान्यात गेली.

"अंगावर गाठ हाय," ती म्हणाली.

आपल्याकडे बाई लेकराला अंगावर पाजते. याहून उघडा शब्द नवऱ्यासमोर, परक्या पुरुषासमोर कुठून काढणार? डॉक्टरने विचारलं, "कुठं?" तिने पदर आणखी घट्ट ओढून घेतला. नवराच बोलला, "दंडाला हाय सायेब, जुनीच."

डॉक्टरने दंडावरची ती जुनी चरबीची गाठ दाबली. "दुखतं का?"

"न्हाई."

"मग काही नाही."

तिचंच वाक्य तिला परत मिळालं!

हे तिने मला, मी तिला जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात नेत असताना, एसटीत हसत सांगितलं. तोवर गाठ फुटली होती. तिथली बाई डॉक्टर तिच्यावरच खेकसली, "इतके दिवस कुठे होता?" माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तालुक्याच्या दवाखान्यात गेली होती. पदर बाजूला कर, एवढं कुणी म्हटलं नाही."

मावशीने माझा हात ओढला. "भांडू नको, बाई. आता दुखून राह्यलंय ना? मंग बराबर वक्ताला आलो आपण."

पुढच्या संक्रांतीला गावात बांगड्या भरायला कुणी आलं नाही. नवरा भेटेल त्याला सांगायचा, "बोललीच न्हाई हो कधी." बोलली होती. त्याच्या शेजारी बसून बोलली होती!

टोपली लेकीने उचलली. तिच्याकडून मी एक शब्द मोठ्याने म्हणवून घेतला: थान. पहिल्यांदा तोंडाला पदर लावून हसली, मग रडली, मग म्हणाली. आता ती हात दाबते आणि विचारते, "थानात गाठ हाय का? दुखत नसली तरी सांग." एका सासूने 'बेशरम' म्हणून तिला दारातून हाकललं. ही दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात.

माझ्या धाकट्या वहिनीची गाठ लिंबोळीएवढी असतानाच तिच्यामुळे कळली. ऑपरेशन झालं. एक बाजू गेली.

वहिनी जिवंत आहे.