डावा ब्रॅकेट

मिरज स्टेशनवर दिल्लीची गाडी यायला पाच मिनिटं उरली होती. अप्पांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. आईला वाटलं, पेढे असतील. निघाला त्यांच्या दुकानातला काटकोन तपासायचा गुण्या, माझ्याहून वयानं मोठा. माझा नवरा अजित तिसऱ्यांदा बॅगा मोजत होता. "कागदाला विचार, मग लोखंडाला हात लाव," एवढंच अप्पा म्हणाले. जन्मभर ग्रिल आणि गेट केलेला माणूस लेकीला निरोप देताना आणखी काय बोलणार? मी हसले, आणि गाडी हलल्यावर सांगली येईपर्यंत रडले. सांगलीला चहा मिळाला.

आपल्या ड्राफ्ट्समनच्या बॅचमधले निम्मे अजून मिरज-कुपवाडला आहात, निम्मे चाकणला. चंडीगडला येऊन पडलेली मी एकटीच, म्हणून हे तुम्हा सगळ्यांना लिहितेय. अजितला इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि आम्ही शहराला लागून असलेल्या खरड गावात फ्लॅट घेतला. शहर म्हणाल तर टी-स्क्वेअर लावून आखलेलं. आपली मिरज हातानं काढलेली, तीही चालत्या रिक्षात बसून. तरी सुरुवातीचे दोन महिने मी या सरळ रस्त्यांवरच चुकायचे, कारण सगळे चौक सारखेच. मिरजेत निदान वळणावर ओळखीचं कुत्रं तरी असायचं.

मग इंडस्ट्रियल एरियातल्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये ड्रॉइंग आणि वर्कशॉपचं गणित शिकवायची नोकरी मिळाली. सहा महिने कच्ची, जमलं तर पक्की. माझ्या हिंदीवर वर्ग खूश होता, गणितावर नाही. त्रिकोणमिती म्हटलं की वीसच्या वीस चेहरे पडायचे. एक दिवस मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, घरच्या आट्याच्या डब्याला नवं झाकण करायचं तर पत्रा केवढा कापाल? त्या दिवसापासून मुलं बोलायला लागली. एकानं उत्तर सुतात दिलं, इंचाचे आठ सूत, थेट अप्पांसारखं. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला मिलिमीटर करायलाही सांगितलं नाही.

पाचव्या महिन्यात जवळच्या एका कारखान्यानं चोवीस ब्रॅकेटचं काम दिलं. नीट झालं तर ते आमची मुलं अप्रेंटिस म्हणून घेणार होते. वर्कशॉपचे प्रमुख सोढीजी मला म्हणाले, "मैडम जी, ड्रॉइंग आप पढ़ोगे." मी पत्रा वाकवताना लांबी किती लागेल याचा हिशेब दोनदा केला, मुलांकडून करून घेतला. ब्रॅकेट झाले. भोकं बरोबर, कोन बरोबर, गुण्या लावला तर मध्ये उजेडसुद्धा दिसेना. फक्त बाजूचा कान, म्हणजे दुमडलेली पट्टी, उजवीकडे हवा होता, तो डावीकडे झाला. चोवीसच्या चोवीस.

तुम्हाला कळलंच असेल. आपण शिकलो ती पद्धत म्हणजे वस्तू डावीकडून जशी दिसते ते चित्र कागदावर उजवीकडे काढायचं. हे ड्रॉइंग परदेशी गिऱ्हाइकाचं, तिथे उजवीकडून बघितलेलं उजवीकडेच. कोणती पद्धत आहे ते कोपऱ्यातल्या बारक्या शंकूच्या खुणेत लिहिलेलं असतं, आणि मी कोपरा बघितलाच नव्हता. कागदाला विचारलंच नव्हतं.

सोढीजी तपासणीला येण्याआधी मी वर्गाला सांगितलं की चूक तुमची नाही, माझी आहे. ते आले तेव्हा पुन्हा तेच सांगितलं आणि मनातल्या मनात खरडचा फ्लॅट आवरायला घेतला. त्यांनी एक ब्रॅकेट उचलून उलटसुलट बघितला, दाढी कुरवाळली.

"हिसाब तो पक्का है," ते म्हणाले. "हाथ उल्टा है, दायें का बायां हो गया. आज यह कोना बीस बच्चों ने सीख लिया जी, उम्रभर नहीं भूलेंगे."

दोन रविवार मुलं आपण होऊन आली. त्यांच्या डब्यातले मुळ्याचे पराठे खात आम्ही नवे चोवीस केले, एक जास्तीचाही. कारखान्यानं ते घेतले, सहा मुलंही घेतली, आणि माझी नोकरी पक्की झाली. घरी फोनवर मी फक्त नोकरी पक्की झाल्याचं सांगितलं.

दिवाळीला मिरजेला गेले तेव्हा मात्र राहवेना. बॅगेतून एक उलटा ब्रॅकेट काढून अप्पांसमोर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. इतक्या वर्षांनीही अप्पा काय म्हणतील याची धाकधूक होतीच. त्यांनी चष्मा लावला, अंगठा कडेवरून फिरवला.

"चुकलेला कुठाय ह्यो? डावा हाय. ह्याचा उजवा कुठं?"

"तिकडं. खरडला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानात माझ्या डाव्याला जोड म्हणून उजवा केला. कागद नाही, गणित नाही, नुसत्या नजरेनं. दोन्हींवर फळी ठोकून आईचे डबे मांडले. आता खरडच्या स्वयंपाकघरातही एक फळी आहे, तिच्या उजवीकडे जास्तीचा झालेला ब्रॅकेट आणि डावीकडे त्या उलट्या चोवीसांतला एक. इथे कुणी घर कुठलं विचारलं की पूर्वी मी फक्त मिरज म्हणायचे. आता मिरज म्हणते, खरडही म्हणते, आणि दोन्ही खरं वाटतं. एका ब्रॅकेटवर फळी राहत नाही, हे मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगते. मला स्वतःला ते कळायला दीड वर्ष लागलं.

परवा अप्पांचा फोन आला. तब्येत, हवा सगळं झाल्यावर म्हणाले, "फळी हलत न्हाई बरं का. तुझी?"

मी मोबाइल कानाला लावूनच फळीवर हात दाबून बघितला.

"माझी पण नाही, अप्पा."