ओळखीचा फासा

"मग? आता काय करता?" हा लतीफमामूंचा प्रश्न. नवरदेवाचा बाप पत्रिका छापायला यायचा आणि मामू नमुने दाखवता दाखवता मध्येच म्हणायचे, "समजा, वरात दारात आली अन् घोडी अडून बसली. बँडवाले बी निघून गेले. मग? आता काय करता?" समंजस माणूस हसून म्हणायचा, चालत जाऊ की. पण मुखेडचे एक पाटील असे भडकले म्हणता! "शुभ बोल नाऱ्या, तर म्हणं मांडवाला आग लागली!" असं म्हणून नमुने आपटून निघून गेले. गिऱ्हाईक गेल्याचं मामूंना काही नाही. "पाटलाचं उत्तर ऱ्हाऊनच गेलं की," एवढीच त्यांची हळहळ.

नांदेडात त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं, पोटापुरतं चालायचं. त्यांचा खरा धंदा खेळ रचण्याचा. म्हणजे पत्ते किंवा सापशिडी नव्हे. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. प्रसंग आला की आपण काय करणार ते ज्यानं त्यानं बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशानं ठरवायचं. हैदराबादच्या मेहुण्यानं असला एक इंग्रजी खेळ मामूंना भेट दिला होता. त्यात राजे, राक्षस आणि बर्फातले किल्ले. मामूंनी डिक्शनरी घेऊन त्याचं जाडजूड पुस्तक शेवटपर्यंत वाचलं आणि जाहीर केलं, "खेळ झकास हाय. पन ह्यातला एक बी मानूस मला कधी बसस्टँडवर भेटला न्हाई."

मग त्यांनी स्वतःचा खेळ रचायला घेतला. नाव 'बाजारवाट'. जुन्या काळातले व्यापारी डोंगरातून आठवडी बाजाराला निघालेत, वाटेत नदी, चोर, आजारपण, काय वाट्टेल ते. शुक्रवारी दुपारी दुकानात डाव मांडायचा. माझं नायगावला मेडिकल. शुक्रवारी माल घ्यायला नांदेडला यायची ती मामूंच्या तावडीत सापडले. गोळ्या विकते म्हणून त्यांनी माझं नाव डाक्टरीणबाई ठेवलं. दुसरा कायमचा गडी म्हणजे बालाजी, एसटीचा कंडक्टर.

पहिल्या डावात मामूंनी घाटात डाकू उभा केला. मारामारीचे नियम त्यांनी महिनोन्महिने घासूनपुसून तयार केलेले. काठीचा मार किती, कट्यारीचा किती, रक्त किती जातं. डाकूनं वाट अडवली. "मग? आता काय करता?" मी कट्यार उपसून तयार. पाळी बालाजीची. तो डाकूला म्हणाला, "राम राम पाव्हणं. कोन्या गावचे तुम्ही?"

डाकूच्या वतीनं मामूंनाच बोलावं लागलं. "मुरुडचा."

"मुरुडला कुनाकडचे? माझी मावशी हाय की तिथं, पेठेत!"

झालं! घडीभरात डाकू बालाजीच्या मावसभावाचा साडू निघाला आणि दोघं झाडाखाली भाकरी सोडून बसले. मी ओरडतेय, "अहो, मारा की त्याला!" कोण ऐकतंय! पुढच्या शुक्रवारी दुसरी माणसं बसवली, तरी तेच. आमच्याकडं गाव विचारल्याशिवाय कुणी हात उचलतच नाही. शेवटी मामूंचं डोकं फिरलं. "अरे, तो डाकू हाय! सोयरीक कामून जुळवून राहिला?"

चार दिवस मामू नियमांच्या वहीत डोकं खुपसून बसले. नंतरच्या शुक्रवारी टेबलावर एक पिवळा फासा. शस्त्र काढण्याआधी गाव विचारायचं आणि तो टाकायचा. एक पडला तर परका, खुशाल लढा. सहा पडले तर जवळचा सोयरा. मग त्याला जेवू घाला, आणि त्याची वैरंही तुमच्या गळ्यात. "म्हणजे भांडणच नाही का आता?" मी कुरकुरले. मामू म्हणाले, "ओळख निघाली की भांडन मिटतंय व्हय, डाक्टरीणबाई? खरं भांडन तिथून सुरू होतंय." मला माझं सासर आठवलं.

हा खेळ चांगल्या खोक्यात घालून देशभर दुकानांत दिसावा, एवढी एकच हाव त्या माणसाला होती. आणि योग असा की खेळ छापणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीचे साहेब स्वतः नांदेडला आले. माणूस मोकळा, खेळायला हुशार. घाटात डाकू आला तसं त्यांनी पिवळ्या फाशाला हातही न लावता त्याला उडवला. मामूंनी अडवलं नाही. म्हणाले, "मेला. आता त्याला असाच सोडून पुढं जाता येनार न्हाई. घोड्यावर टाकून त्याच्या गावात आनलंय तुम्ही. एक दार हाय. म्हातारीनं उघडलं. तुम्हाला बघून म्हन्ते, या पाव्हणं, कोन्या गावचे? मग? आता काय करता?"

साहेबांनी हातातले फासे खाली ठेवले. चहा तसाच राहिला.

मग ते म्हणाले, "मामू, काय जबरदस्त आहे हो हे! पण विकायला अवघड. मुलांना झटपट मारामारी लागते. हा एक फासा काढा, बाकी सगळं जसंच्या तसं छापतो." मामूंनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मंग ऱ्हाऊ द्या."

साहेब गेल्यावर मी मामूंवर तुटून पडले. हातातोंडाशी आलेला घास असा कुणी टाकतं का? एका फाशापायी? मामू शांत. "तो फासा काढला तर उरतंय काय गं? मेव्हण्याचाच खेळ, राक्षसाला पटका बांधलेला." त्यांनी उरलेल्या पत्रिकांच्या जाड कागदावर, सोनेरी किनारीसकट, 'बाजारवाट' स्वतःच छापला. बालाजीनं तो एसटीतून लातूर, उदगीर, मुरुड असा पोचवला. त्यानंतर मामूंनी आणखी खेळ रचले. एक कापसाच्या जिनिंग मिलवरचा, एक गॅदरिंगवरचा. लोक आवडीनं खेळायचे. पण देशभर दुकानांत दिसणारं ते खोकं काही झालं नाही.

काही वर्षांनी लातूरच्या एका दुकानात मला त्याच पुण्याच्या कंपनीचा नवा खेळ दिसला. चकचकीत खोकं, वर राजे आणि तलवारी. सहज नियम उघडले आणि माझं डोकं सणकलं. तलवार उपसण्याआधी शत्रूला त्याचं गाव विचारायचं आणि नात्याचा फासा टाकायचा! मामूंचं नाव? कुठंच नाही. मी खोकं घेऊन तडक नांदेड गाठलं.

मामू तेव्हा छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेले. चष्मा लावून त्यांनी ते पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला! "चाललं की गं! मारामारीच्या खेळात बी चाललं!"

"मामू, ही चोरी आहे चोरी! तुमचं नाव कुठाय?"

ते हसले, हसता हसता खोकले. "जल्मभर लोकायची नावं छापली मी. पत्रिकेत एक नाव ऱ्हायलं म्हनून ऐन लग्नात रुसून बसलेले चुलते पाहिले. ताट सोडून जातात, येडे. मी न्हाई रुसनार. मी जेवनार."

त्याच थंडीत मामू गेले. समाधानानं गेले, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्याएवढं मोठं मन माझ्याकडं नाही. मी रुसले, आणि अजून रुसलेलीच आहे. नायगावला आता दर शुक्रवारी मी डाव मांडते. शाळा-कॉलेजची पोरं येतात, कुणी कंपनीचं चकचकीत खोकं घेऊन येतं. येऊ दे. खोकं कुठलंही असो, फाशाला हात लागायच्या आधी मी सगळ्यांना गप्प करते आणि मोठ्यानं सांगते, "हा खेळ नांदेडच्या लतीफमामूंचा आहे. आता टाका."