गोठ्यातल्या निर्धूर चुली

आमच्या गावातल्या गुरांचा धुराचा त्रास सरकारनं कायमचा मिटवला. बायकांचा मिटवायचा राहिला, पण सरकार तरी कुठंकुठं पुरणार?

ही थट्टा नाही. पालमकडच्या आमच्या गावात निर्धूर चुलीची योजना आली तेव्हा बावीस घरांना अनुदान मंजूर झालं आणि त्या बावीस चुली मी माझ्या हातानं बांधल्या. सगळ्या गोठ्यात. चुलीचं धुराडं छपरातून वर काढायचं, त्यावर सिमेंटची टोपी बसवायची, म्हणजे घरातला धूर बाहेर जातो आणि बाईचे डोळे वाचतात, अशी ती योजना. घरमालकानं माती आणि जागा द्यायची, बाकी सगळं सरकारचं. जागा कुठली द्यायची हे कागदावर लिहायचं राहून गेलं होतं. आमच्या गावाला तेवढी फट पुरेशी होती.

मी बौद्धवाड्यातली सून. सातवी पास. शिकाऊ बायकांमध्ये एक तरी मागासवर्गीय बाई पाहिजे असा वरून हुकूम होता, म्हणून ग्रामसेवक आमच्या दारात आले. एरवी ते आमच्या वाड्याच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजवून तिथूनच परत फिरायचे. दहा दिवस परभणीला शिकायला जायचं होतं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "चूल करायला परभणीला कामून जायचं? मी काय मेले व्हय?" पण नवऱ्यानं एसटीत बसवून दिलं.

शिकवणारे साहेब फळ्यावर चूल फार सुरेख काढायचे. लाकडं कुठून घालायची, जाळ कुठून वळतो, मागच्या वैलावर, दुसऱ्या भांड्याखाली, तो कसा जातो, सगळं बाणांनी दाखवायचे. तिसऱ्या दिवशी खरी चूल पेटवायची वेळ आली तेव्हा त्यांनी खिशातून काड्यापेटी काढली आणि चांगल्या जाडजूड लाकडालाच काडी लावत बसले. पाच काड्या गेल्या. शेवटी जिंतूरकडची एक बाई म्हणाली, "साहेब, तुमी सरका." तिनं कापसाच्या दोन वाळक्या पऱ्हाट्या मोडून खाली सारल्या, फुंकर मारली आणि चूल पेटली. साहेबांनी वहीत ‘प्रात्यक्षिक यशस्वी’ असं लिहिलं.

तरी खरं सांगते, मी शिकले मनापासून. आमच्या सासूबाईंचे डोळे धुरानं कायम लाल असायचे आणि खोकला तर घरातलं एक माणूसच होऊन बसला होता. परत आल्यावर पहिली चूल, अनुदानाशिवायची, मी त्यांनाच बांधून दिली. आठ दिवसांनी वाळली, पेटवली, आणि धूर सुतासारखा सरळ वर गेला. सासूबाई बराच वेळ चुलीपुढं बसून राहिल्या, मग म्हणाल्या, "डोळ्याला पाणी न्हाई आलं गं." मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी ठरवलंच. वरच्या आळीतल्या एका तरी स्वयंपाकघरात माझी चूल पेटवून दाखवायची. माझ्या हातची, त्यांच्या चौकटीच्या आत. मला दुसरं काही नको होतं.

नामांतराच्या दंगलीला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. त्या वेळी आमच्या वाड्यातली दोन छपरं जळाली होती आणि दळणाची गिरणी महिनाभर आमच्यासाठी बंद होती. ज्या गावानं आमची छपरं पेटवली, त्याच गावाच्या चुली नीट पेटाव्यात म्हणून सरकारनं मला शिकवून पाठवलं होतं. सरकारला विनोदाचं अंग नसतं असं कोण म्हणतं?

ग्रामसेवक मला घेऊन घरोघर गेले. अनुदान सगळ्यांना हवं होतं. ओट्यावर बसलेले मालक यादीवर सही करायचे, मग माझ्याकडं बघायचे, मग ग्रामसेवकांकडं बघायचे आणि म्हणायचे, "बांधा की. गोठ्यात लय जागा हाय." एकानं म्हटलं आणि बाकीच्या एकवीसांनी गिरवलं. शाळेत एवढी एकी दिसली असती तर गाव कुठल्या कुठं गेलं असतं. ग्रामसेवकांना हरकत नव्हती. त्यांना वरून धुराडी मोजायला सांगितली होती, आणि धुराडं गोठ्यावर आहे की माजघरावर, हे रस्त्यावरून कळत नाही.

बांधल्या. कोंबड्यांनी त्यांत अंडी घातली. एका घरची म्हैस पाइपाला पाठ घासून घासून तो पाडायची आणि मालक मला बोलवायचा: "तुझा पाइप टिकंना बग." आत, जुन्या चुलीपुढं, बायका पदरानं डोळे पुसत भाकरी थापत होत्याच.

सरपंचांच्या घरची धाकटी सून मात्र वेगळी निघाली. नवी होती, माहेरी गॅसवर स्वयंपाक केलेली. तिनं दोन दिवस गोठ्यातली चूल बघितली आणि तिसऱ्या दिवशी परात, पीठ घेऊन थेट गोठ्यातच भाकरी करायला बसली. सरपंचांच्या घरची सून बैलांच्या शेजारी स्वयंपाक करतेय हे पाण्याला जाणाऱ्या बायकांनी बघितलं आणि गावभर झालं. सरपंचांची आई, म्हणजे तिची सासू, संतापली. "माणसांत राहायचं का जनावरांत?" असं तिनं विचारलं. सून म्हणाली, "जनावरांत धूर न्हाई, आत्याबाई."

त्याच दुपारी मला निरोप आला. चूल घरात बांधायची होती. शिवाय पंधरवड्यानं जिल्ह्याचे साहेब योजना बघायला येणार होते आणि सरपंचांनी त्यांचं जेवण निर्धूर चुलीवरचं ठरवून टाकलं होतं.

मला मागच्या दारानं आत घेतलं. लोणच्याच्या बरण्या, पाण्याचे हंडे, दुधाचं भांडं, सगळं आधीच माजघरात हलवलं होतं. म्हातारी उंबऱ्याजवळ पाट टाकून बसली होती, माझी सावली कुठं पडते ते बघत. मी पदर खोचला. माती, भुसा, शेण कालवलं, साचा ठेवला, चूल बांधली, आतून हात फिरवून जाळाची वाट गुळगुळीत केली. निघताना बजावलं, "आठ दिवस हिला पाण्याचा थेंब लागू द्यायचा न्हाई, बाई. वाळू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसेवक धावत आले. "तुझी चूल पडली की. काम कच्चं केलंस. साहेबांना काय दाखवायचं आता?"

मी गेले. चुलीच्या जागी चिखलाचं थारोळं होतं, मधे पाइप आडवा. घरात गोमूत्राचा इतका वास येत होता की गोठ्यात उभं राहिल्यासारखं वाटलं. मी गेल्यावर म्हातारीनं चूल शुद्ध करून घेतली होती. आधी गोमूत्र, मग घागरभर पाणी, आणि तेवढ्यानं समाधान होईना म्हणून आणखी एक घागर. ओल्या मातीला विटाळ चढतो की नाही ठाऊक नाही, पण पाणी नक्की चढतं. माझी शिवाशिव पुसताना पुऱ्या चुलीचाच निकाल लागला होता. सून भिंतीकडं तोंड करून हसू दाबत होती. मलाही हसू आलं.

मी म्हणाले, "बाई, आता दोनातलं एक करा. धुवायची तर चूल न्हाई. चूल पाहिजे तर धुवायची न्हाई. माजे हात लागल्याबिगर ही उभी राहत न्हाई."

म्हातारी पेचात पडली. साहेबांचं जेवण एकीकडं, धर्म एकीकडं. शेवटी सरपंचच आतून ओरडले, "आये, बांधू दे तिला!" पुन्हा बांधली. या खेपेला म्हातारीनं फरशी धुतली, भिंती शिंपडल्या, स्वतः न्हाली, पण चुलीला हात लावला नाही. चूल तशीच वाळली, माझ्या बोटांच्या खुणांसकट.

साहेब आले त्या दिवशी गाव झाडून ठेवलं होतं. ग्रामसेवकांनी सगळ्या गोठ्यांत वाळला कडबा पेटवायला सांगितला होता, कारण साहेबांना रस्त्यावरून धुराडी चालू दिसायला हवीत. निर्धूर चुलींच्या गावात मी एवढा धूर आयुष्यात बघितला नाही. दोन वासरं दावं तोडून पळाली. साहेब जीपमधून उतरून कौतुकानं मान हलवत होते.

मग सरपंचांकडं पंगत बसली. सुनेनं माझ्या चुलीवर भाकरी केल्या, मागच्या वैलावर वरण उकळलं, आणि स्वयंपाकघरात धुराचा मागमूस नव्हता. मी मागच्या दाराशी उभी राहून जाळ बघत होते. तो मी वळवला तसाच वळत होता. माझी छाती भरून आली. इतकी, की मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

जेवण झाल्यावर साहेबांनी चूल बांधणाऱ्या बाईला बोलवायला सांगितलं. मी दारात गेले. साहेब हात पुसत म्हणाले, "वा, उत्तम काम केलंत. जेवलात की नाही तुम्ही?"

मी काही बोलायच्या आधी म्हातारीच बोलली, अगदी मायेनं. "हो साहेब, तिचं वाढून ठेवलंय की. गोठ्यात."

कुणाच्या कपाळाला आठीही पडली नाही. साहेब म्हणाले, "छान, छान," आणि कागदावर सही केली. सून मान खाली घालून परात घासत राहिली.

मी न जेवता घरी आले. वाटेत मला म्हातारीचा राग आला नाही, साहेबांचा थोडा आला. सगळ्यात जास्त आला तो माझाच. माझी चूल त्यांच्या घरात गेली म्हणून मी पंधरा दिवस हरखून फिरत होते. मी स्वतः त्या घरात जावं, हे मागायचं मला सुचलंच नव्हतं.