टेकूचं उत्तर

स्क्रम सुटला तरी टेकू शेजाऱ्याचा शर्ट लगेच सोडत नसे. रग्बीतल्या या स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ जण डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात. त्या गर्दीतून सगळे बाहेर पडले, तरी त्याची मूठ माझ्या बगलेखाली तशीच. "सोड की बे!" मी ओरडायचो. "आधी नीट उभा ऱ्हा," तो म्हणायचा.

आष्टीजवळच्या आमच्या शाळेत खेळाच्या सरांनी रग्बी सुरू केली, त्याला पुढच्या फळीत प्रॉप, म्हणजे आधार देणारा, केलं आणि त्यावरूनच टेकू हे नावही दिलं. मी हुकर, म्हणजे दोन प्रॉपच्या मध्ये, त्यांच्या खांद्यांवर हात टाकून जवळजवळ लटकलेला. मला नियम पाठ होते. टेकूला जागांची नावंही आठवत नसत. नव्या पोराला तो एवढंच विचारी, "तू खचलास तर कोण पडंल?"

पुण्याच्या शिबिरात बाहेरदेशची पोरं आली होती. प्रशिक्षकांनी सगळ्यांना गोल बसवून विचारलं, तुमची जागा म्हणजे तुमच्यासाठी काय? श्रीलंकेचा प्रॉप म्हणाला, आमच्या शाळेत ही जागा मानाची, वडीलही तिथंच खेळले. फिजीचा हसून म्हणाला, जागेचा आकडा फक्त शर्टावर असतो. चेंडू हाती आला की सगळे पळणारेच. नेपाळचा म्हणाला, आमच्याकडे खेळाडू कमी, जी रिकामी ती माझी.

मग टेकू उठला. त्याचं इंग्रजीत सांगायचं काम माझं.

"सांग त्यांला, आमच्यात ऊस तोडाया नवरा-बायको जातेत. दोघं मिळून एक कोयता. बाप तोडतो, माय मोळ्या बांधती. एक बसलं की दुसऱ्याचं बी काम बसतं. माझी जागा तशी हाय. ह्यो मधी लटकतो. मी खचलो तर ह्याची मान जाईल."

माझेही आईबाप त्याच ऊसतोडीच्या टोळीत जात. शिबिरात मी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. मी इंग्रजीत एवढंच सांगितलं, अंगात ताकद आहे म्हणून आपल्याला पुढं ठेवलंय, असं तो म्हणतोय. टाळ्या पडल्या. फिजीच्या पोरानं त्याचा दंड दाबून पाहिला.

"मी लई बोललो. तू एवढंच कावून?"

"इंग्रजीत थोडक्यात मावतं."

त्याला ते पटलं. मी शिकलेला होतो.

त्याला बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात काविळीनं टेकू गेला. दहाव्याला त्याची बायको जवळ आली. "भाऊजी, परदेशी पोरांपुढं काय बोलले व्हते हो ते? लई टाळ्या पडल्या म्हणायचे."

मी तिला टेकूचा शब्द न् शब्द सांगितला.

"मंग पडणारच की," ती म्हणाली, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा थोडी हसली.

ते उत्तर शिबिरात कुणापर्यंतच पोचलं नव्हतं, हे मला तेव्हाही सांगता आलं नाही.