झेंडूमागचा बिबट्या

आमच्या झेंडूच्या बांधावर लागोपाठ चार दिवस बिबट्याचे ठसे दिसले. शेजारच्या उसात तो असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझा प्रश्न फक्त वेळेचा होता. बायको रोज पहाटे साडेपाचला, डोक्याला बॅटरी बांधून, त्याच बांधावरून फुलं तोडायला जाते, कारण आठच्या आत माल नाशिकच्या बाजारात लागतो. तो तिच्या किती आधी जातो, हे ठशांवरून कळत नाही. म्हणून मी समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा आणला आणि बांधावरच्या बाभळीला जमिनीपासून दीड फुटावर बांधला. फोटोखाली तारीख आणि वेळ छापून येते.

पहिल्या आठवड्यात ६१२ फोटो आले. ओझरहून कामावरून आलो की एकेक पाहून वहीत मांडायचो. हललेलं गवत ४०९, शेजाऱ्यांचं कुत्रं ८८, बायको जाता-येता १४. उरलेले १०१ आमच्या भाऊबंदांचे. चुलतभाऊ तर कॅमेऱ्यासमोर उकिडवा बसून दात घासत होता. त्याला विचारलं, तर म्हणतो, "दादा, बिबट्या येत नाही, तर कुणीतरी यायला पाहिजे ना."

बिबट्या शून्य. मी गवत कापलं, कॅमेरा थोडा वळवला आणि सगळ्यांना तिकडे फिरकू नका म्हणून बजावलं.

मग दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे विळ्यापासून मोटारसायकलपर्यंत सगळ्याची पूजा होते. मी त्या दिवशी बाजारात होतो. दोन दिवसांनी कार्ड काढायला गेलो, तर कॅमेऱ्याला हळदकुंकू लावलेलं आणि झेंडूची माळ घातलेली. माळ बरोबर भिंगापुढे लोंबत होती. वारा आला की माळ हलायची, माळ हलली की फोटो निघायचा. एकूण १,९३७.

हे आईचं काम. मी जरा तापूनच विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "मशीन हाय ना ते? घरातल्या पंपाला माळ घालायची, अन् ते रानात एकटं, त्याला काय नाय?"

मी १,९३७ फोटो पाहायला बसलो. जेवण दोनदा गार झालं. १,६०४व्या फोटोत दोन फुलांच्या फटीतून ठिपक्यांची पाठ दिसली. पहाटे पाच छत्तीस. त्यानंतर सहा फोटो नुसते झेंडूचे, आणि मग बायकोच्या साडीचा काठ. पाच एकेचाळीस.

मी तिला बोलावून दोन्ही फोटो दाखवले. तिने खालच्या तारखा-वेळा वाचल्या.

"रोज साडेपाचला निघते मी," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही दुसऱ्यांदा चहा मागितला, म्हणून उशीर झाला."

मी वही मिटली. उद्यापासून उजाडल्यावर, सव्वासहाला, दोघांनी मिळून जायचं असं सांगितलं.

"माल आठला नाही पोचायचा, अहो."

"नाही पोचला तर नाही," मी म्हणालो.